पंधरावं वाक्य

कुहमो, ३ मार्च २०१४

एन्सिओ,

पाकिटात एक पेनड्राइव्ह आहे. पोस्टमनने पाकीट वाकवलं नसेल तर तो शाबूत असेल.

फोन न करता लिहितोय. गेल्या खेपेला तू फोनवर काय म्हणालास ते मला तीनदा विचारावं लागलं आणि तिसऱ्यांदा तू फोन आपटलास. मी काही मनाला लावून घेतलं नाही. पण त्या आजाराने नेमका तुझ्या जिभेवरच आधी हात टाकावा, हे माझ्या घशाखाली उतरत नाही. चाळीस वर्षं तू लिलाव पुकारलेस, तुझा आवाज तळ्यापलीकडे जायचा, आणि आता तुझ्या बायकोशिवाय, तेल्लेर्वोशिवाय, तो कुणाला कळत नाही. हात चालताहेत तोवर कागदावरच भांडू.

कामाचं बोलतो. आठ एप्रिलनंतर तुझ्या कॉम्प्युटरमधल्या जुन्या सिस्टीमकडे तिची कंपनी ढुंकूनही बघणार नाही. त्यानंतर त्यावर बँकेचं पान उघडणं म्हणजे दार सताड टाकून झोपण्यासारखं. मी डेअरीतला साधा वायरमन, पण निवृत्त झाल्यापासून वाचनालयातली पुस्तकं वाचून दोन स्क्रिप्टी लिहिल्यात. स्क्रिप्ट म्हणजे दुसरं काही नाही, यंत्राला लिहून दिलेली कामांची यादी. एक स्क्रिप्ट पेनड्राइव्ह तयार करते, म्हणजे नवी फुकट सिस्टीम त्यावर भरते. दुसरी त्या पेनड्राइव्हमधून चालते आणि बाकीचं सगळं एकटी उरकते. तुझं सामान आधी पेनड्राइव्हवर काढून ठेवते, डिस्क कोरी करते, नवी सिस्टीम घालते आणि सामान परत जागेवर लावते. आपण खुर्चीत बसायचं.

आणि बोलतो कोण, तर तू! आठवतं ना, दोन वर्षांपूर्वीच्या ऑगस्टमध्ये, तुला काहीही झालेलं नव्हतं तेव्हा, माझ्या वाफेच्या साउनाच्या बाहेरच्या खोलीत टॉवेल गुंडाळून तू रेकॉर्डरवर पंधरा वाक्यं बोलला होतास? "थांब. वायर काढू नकोस." "अजून अर्धं राहिलंय, घाई नाही." "झालं. आता कॉफी घे." गावातल्या बायका पेनड्राइव्हला एन्सिओच म्हणतात. आमची शेजारीण हेल्वी चौऱ्याऐंशी वर्षांची, ती त्याला उलट उत्तरं देते.

पंधरातली चौदाच आता चालतात. डिस्क कोरी करण्याआधीचा प्रश्न मी काढून टाकला. प्रश्न आला की म्हातारी माणसं हबकायची. हेल्वीने एकदा मला बर्फातून स्लेजवर बोलावून घेतलं, कशाला, तर "हा विचारतोय, मी काय सांगू?" शिवाय आपल्याकडे एकदा हो म्हटलेल्या माणसाला परत विचारणं म्हणजे त्याचा अपमान. म्हणून प्रश्न काढला. त्याचं रेकॉर्डिंगही पुसलं, उगाच जागा खात होतं. आता कुणी घाबरत नाही.

पेनड्राइव्ह लाव, बटण दाब आणि कॉफी ठेव.

ओइवा


कोक्कोला, १४ मार्च

डेअरीवाल्या,

लावलं. चाललं. मशीन आता वाऱ्यासारखं पळतं. शेवटी माझाच आवाज मला म्हणाला, "झालं. आता कॉफी घे." तेल्लेर्वो उठून बाहेरच्या खोलीत गेली ती बराच वेळ आली नाही. तिच्या डोळ्यांत काहीतरी गेलं होतं म्हणे.

एक विचारायचं राहिलं. सामान म्हणजे नेमकं काय काय? माझ्या फोल्डरच्या बाहेर, दुसऱ्या एखाद्या प्रोग्रॅमने स्वतःच्या खोलीत काही ठेवलं असेल, तर तेही उचललं जातं का? सहज विचारतो.

इथे समुद्रावरचं बर्फ अजून माणूस पेलतं. गिळायला त्रास होतो, बाकी बरा आहे.

एन्सिओ


कुहमो, २१ मार्च

लिलाववाल्या,

अरे वा, तुलाही या विद्येची गोडी लागली म्हणायची! विचारलंस ते बरं केलंस, आजवर कुणी विचारलं नव्हतं.

माझी स्क्रिप्ट फक्त माणसाचं स्वतःचं फोल्डर उचलते: पत्रं, फोटो, बँकेचे कागद. प्रोग्रॅम आपापल्या खोल्यांत जे साठवतात ते सगळं फेकून देते. बहुतेक कचराच असतो तो. आणि नुसतं फेकत नाही. डिस्कच्या प्रत्येक घरात शून्य लिहून मगच पुढे जाते. या मशिनी पुढे दुसऱ्याच्या हातात जातात, कुणाचं काही मागे राहू नये म्हणून तेवढी काळजी घेतली. कुठला पोलीसही त्यातून अक्षर काढू शकणार नाही! तो काढून टाकलेला प्रश्न म्हणजे हेच विचारायचा, की "हे सगळं पुसलं जाईल. पुसायचं का?" सगळं म्हणजे फोल्डरच्या बाहेरचं. आता तूच सांग, हेल्वीला याचा काय बोध होणार होता?

सदतीस घरांतल्या मशिनी झाल्या. ईस्टरला मी बसने तुमच्याकडे येतो, रेकॉर्डर घेऊनच. प्रिंटरसाठी दोन नवी वाक्यं हवी आहेत. जमेल तसं बोल, मी जोडून घेईन.

ओइवा


कोक्कोला, २ एप्रिल

ओइवा,

हे पत्र मी लिहितेय ते एन्सिओला माहीत नाही. शाळेत मी तुमच्या पुढच्या बाकावर बसायचे आणि तुम्ही दोघं माझ्या वेणीला शाई लावायचा. त्या ओळखीवर सरळ लिहिते.

गेल्या वर्षी फेब्रुवारीत आजाराचं नाव कळलं, तेव्हा डॉक्टरीणबाईंनी विद्यापीठातल्या लोकांचा पत्ता दिला. माणसाचा आवाज जाण्याआधी त्याच्याकडून सोळाशे वाक्यं रेकॉर्ड करून घ्यायची. मग ते त्यातून त्याचा आवाज मशीनमध्ये बांधतात. पुढे बोलता येईनासं झालं, की टाईप करायचं आणि मशीन त्याच्याच आवाजात बोलतं. एन्सिओ दहा महिने रोज सकाळी अंथरुणांच्या कपाटात तोंड घालून बसायचा, तिथे आवाज घुमत नाही म्हणून. एकेक वाक्य पाच-पाच वेळा. डिसेंबरपासून जीभ जड झाली, तेव्हा दिवसाला दोन, मग एक. पंधराशे चाळीस झाली होती.

तुला सांगितलं नाही, कारण त्याला एक दिवस तुला फोन करायचा होता. मशीनमधून, खणखणीत. "अरे डेअरीवाल्या, झोपलास की मेलास?" हे वाक्य त्याने पहिल्याच आठवड्यात रेकॉर्ड केलं होतं.

ती सगळी वाक्यं त्या प्रोग्रॅमच्या खोलीत होती. फोल्डरच्या बाहेर.

कुणाकडे एक प्रतही नाही. सगळं एकदम पाठवणार होता. साठ राहिली होती. मी म्हणायचे, आहे तेवढं तरी पाठव. तो म्हणायचा, अर्धं काम मी कुणाच्या हातात देत नाही. तू "तुझं सामान आधी काढून ठेवते" असं लिहिलंस, तेव्हा सामान म्हणजे सगळं, असंच आम्ही धरलं. दुसरं कोण काय धरेल?

तुझं एकवीस तारखेचं पत्र त्याने वाचलं, घडी घातली आणि खिडकीशी जाऊन बसला. त्याला माहीत होतंच. पेनड्राइव्हने कॉफी घे म्हटल्यावर त्याने तो प्रोग्रॅम शोधला होता, आणि तो मिळाला नव्हता. तरी चौदा तारखेला त्याने तुला ते पत्र लिहिलं, कारण तू काहीतरी वेगळं सांगशील अशी त्याला आशा होती.

तेव्हापासून तो पाटीवर लिहूनसुद्धा बोलत नाही. मशीन झाकून ठेवलंय. जेवण समोर येतं, तसंच परत जातं.

ओइवा, कसंही कर पण परत आण. शून्य लिहिली असतील तर शून्यांच्या खालून आण. नवीन रेकॉर्ड करता येणार नाही. आता त्याचा आवाज मलासुद्धा कळत नाही.

ईस्टरला येऊ नकोस. रेकॉर्डर घेऊन तर नकोच नको.

तेल्लेर्वो


कुहमो, ६ एप्रिल

तेल्लेर्वो,

तुझं पत्र चार वेळा वाचलं. पहिल्या तीन वेळा त्यातलं काहीतरी माझ्या वाचण्यात चुकलं असेल असं वाटत होतं.

मशीन चालू करू नका. झाकलंय ते तसंच राहू दे. त्याची पाठ उघडून डिस्क काढायला सांग. तुमचे शेजारी जहाजावर इंजिनं दुरुस्त करायचे ना, त्यांना जमेल. टॉवेलात गुंडाळ, पुठ्ठ्याच्या खोक्यात घाल, बसच्या ड्रायव्हरच्या हातात दे. मी कायानीच्या थांब्यावर उभा राहतो. औलूमध्ये एक बाई आहेत, आगीत जळलेल्या डिस्कमधून कंपन्यांचे कागद काढून देतात. त्यांच्याकडे मी स्वतः घेऊन जातो.

निवृत्त झाल्यापासून कितीतरी डिस्का उघडल्यात मी या हातांनी. एक ना एक वाट असतेच.

त्याला म्हणावं, निदान सूप घे.

ओइवा


कुहमो, २४ एप्रिल

तेल्लेर्वो,

वाट नाही.

औलूच्या बाईंनी डिस्क अकरा दिवस ठेवून घेतली. ईस्टरची सुटीही घेतली नाही. काल त्यांनी मला समोर बसवलं आणि विचारलं, "ही पुसण्याची स्क्रिप्ट कुणी लिहिली?" मी म्हटलं, मीच. त्या म्हणाल्या, "काम चोख आहे. आमच्याकडे पैसे घेऊन पुसणारेसुद्धा इतकं नीट पुसत नाहीत." आयुष्यात माझ्या या उद्योगाचं जाणत्या माणसाने केलेलं हे पहिलं कौतुक. मी बाहेर येऊन बसथांब्यावर बसलो. दोन बस गेल्या, मला चढता आलं नाही.

नव्या सिस्टीमखाली शून्यं आहेत, आणि शून्यांखाली काही नाही. मीच तसं लिहिलं होतं.

विद्यापीठालाही फोन केला. ती चौदा वाक्यं तरी चालतील का म्हणून. हसले नाहीत, पण म्हणाले की त्यातून आवाज बांधता येत नाही. कॉलरवरून सदरा शिवायला सांगण्यासारखं आहे ते.

त्याला मी काय लिहू? सात वेळा लिहायला बसलो. "माफ कर" असं लिहिलं, की तो आता मला माफ करायच्या कामाला जुंपला गेला असं होतं. ते ओझं त्याच्यावर टाकायचा मला काय हक्क? तूच सांग. आणि सांगावंसं नाही वाटलं, तर सांगू नकोस.

घरोघर जाऊन सगळे पेनड्राइव्ह परत गोळा करतोय. त्यातला एकही यापुढे कुठल्या मशीनला लागता कामा नये.

ओइवा


कोक्कोला, ५ मे

ओइवा केम्पाइनेन,

तेल्लेर्वोने तुझी दोन्ही पत्रं दाखवली. अक्षर वाकडं आलंय, उजवा हात आता नीट धरत नाही. समजून घे नाहीतर घेऊ नकोस.

चाळीस वर्षं मी लोकांची घरं विकली. मेलेल्या आईची कपाटं, बुडालेल्याची होडी, घटस्फोटातली भांडी. प्रत्येक वेळी हातोडी वर धरून मी म्हटलं, एक वार. थांबलो. दोन वार. थांबलो. सगळ्या माना वळेपर्यंत थांबलो. कारण त्या थांबण्यात एखादी मुलगी मागून ओरडते, "नको, ते घड्याळ मी ठेवते!" असं किती वेळा झालंय. लोक वैतागायचे, पावसात उभे असायचे, म्हणायचे एन्सिओ, आटप की. मी कधीही आटपलं नाही. तीनदा विचारल्याशिवाय या हाताने हातोडी पाडली नाही.

मी तुला तो प्रश्न टॉवेलवर बसून तसाच बोलून दिला होता. लिलावासारखाच. तुला तो नकोसा झाला. माणसं घाबरतात म्हणून. अरे, घाबरावं म्हणूनच विचारतात!

आता माझ्या आवाजात या जगात चौदा वाक्यं उरली आहेत, आणि चौदाही तुझ्या यंत्राबद्दल. बायकोला "पाणी दे" म्हणायला मला वाक्य नाही. "वायर काढू नकोस" म्हणायला आहे.

साठ वाक्यांसाठी मी पंधराशे चाळीस अडवून ठेवली, ते मलाही कळतं. ते माझं मी बघतो.

येऊ नकोस.

एन्सिओ


कुहमो, १९ मे

एन्सिओ,

येत नाही. पण खोकं पाठवतोय, ते परत पाठवू नकोस.

छत्तीस पेनड्राइव्ह गोळा झाले. सदतिसावा हेल्वीकडचा, सगळ्यात पहिला बनवलेला, म्हणजे मी प्रश्न काढण्याच्याही आधीचा. तो तिला सापडेना. मी तिचं अख्खं स्वयंपाकघर उपसलं. ती टेबलाशी बसून वेलचीचा गोड पाव, तिचा तो पुल्ला, खात होती आणि मला म्हणत होती, "एन्सिओ असता तर तीन वेळा विचारून मग हात घातला असता." तिला यातलं काहीही माहीत नाही. ती असंच बोलते.

साखरेच्या डब्यात होता. साखर झाडून मशीनला लावला. पंधरा फायली होत्या. पंधरा.

तिच्याच टेबलाशी मी पंधरावी लावली. तुझा आवाज, मागे साउनाच्या दगडांवर पाणी पडल्याचा चर्र आवाज, आणि मध्येच मी खोकलोय. हेल्वी खायची थांबली. म्हणाली, "हा कुठे गेला होता इतके दिवस?"

डेअरी बंद झाली तेव्हा तिथल्या नियंत्रण फळीची मोठी हिरवी-लाल बटणं मी घरी आणून ठेवली होती, हातमोजे घालूनही दाबता येतील अशी. त्यातली पंधरा एका लाकडी पाटीवर बसवलीत. एकेक बटण, एकेक वाक्य. कोपराने दाबलं तरी चालतं. मला कळतं, हे तुझं बोलणं नव्हे. पाणी दे त्यात नाही. पण आहे तेवढं माझ्या खणात पडून राहणं मला बघवलं नाही. तू अर्धं काम कुणाच्या हातात देत नाहीस. मी मात्र देतोय.

स्क्रिप्टीत प्रश्न परत घातला आहे. आता ती तीनदा विचारते, दर वेळी थांबते, आणि तिसऱ्यांदा "हो" म्हटल्याशिवाय एक घरही पुसत नाही. फोल्डरच्या बाहेर काय काय आहे त्याची यादी आधी दाखवते. गावात ओरड सुरू झाली आहे, की ओइवाचा पेनड्राइव्ह आता फार विचारतो. विचारू दे.

शेवटचं बटण लाल आहे. तेच पंधरावं.

ओइवा


कोक्कोला, २७ जून

ओइवा,

उत्तराला महिना लावला, कारण बटणांची पाटी दोन आठवडे खोक्यातच होती. तो खोक्याकडे बघायचा आणि तोंड फिरवायचा.

पहिल्यांदा ती वापरली नर्सवर. ती त्याचा सदरा घाईघाईने ओढत होती. त्याने कोपर टेकलं आणि खोलीत त्याचा आवाज घुमला: "अजून अर्धं राहिलंय, घाई नाही." त्या मुलीच्या हातातून सदराच पडला. मग तो हसला, म्हणजे त्याचे खांदे हलले. मार्चनंतर पहिल्यांदाच. आता ती आली की तो "थांब. वायर काढू नकोस" म्हणतो आणि ती म्हणते, "बरं, एन्सिओ, नाही काढत." मला सकाळी "झालं. आता कॉफी घे" ऐकू येतं. चौदा वाक्यांत माणूस किती भांडू शकतो ते तुला इथे येऊन बघावं लागेल.

पण हे पत्र मी त्यासाठी लिहीत नाही.

युहान्नुसच्या, म्हणजे मध्य-उन्हाळ्याच्या सणाच्या, आदल्या दिवशी डॉक्टरीणबाई घरी आल्या. आता गिळता येत नाही. पोटात नळी बसवून अन्न द्यायचं, नाहीतर काही आठवडे. त्याने नको म्हणायचं एप्रिलमध्येच ठरवलं होतं. तुला मी लिहिलं नव्हतं. नकाराचा कागद टेबलावर होता. बाईंनी सगळं समजावलं. त्याने डाव्या हातात पेन घेतलं.

मला त्याला अडवता आलं नाही. काय बोलणार होते मी? बेचाळीस वर्षं त्याला आग्रह केला नाही, आणि आता शेवटी करायचा? पाटी त्याच्या मांडीवरून सरकून माझ्या बाजूला आली होती. मी लाल बटण दाबलं.

"हे सगळं पुसलं जाईल. परत येणार नाही. पुसायचं का? एक वार…"

मग ते थांबणं. मागे तुझ्या साउनातलं पाणी.

"दोन वार…"

आणि पुढे काही नाही. तू त्याला सांगितलं होतंस म्हणे, की इथून पुढे गप्प राहा, समोरच्याचं उत्तर यायला जागा ठेव. ते रेकॉर्डिंग तसंच कोरं चालत राहिलं. बाई बघत राहिल्या. मी माझ्या हातांकडे बघत होते. त्याने चाळीस वर्षं लोकांना ज्या थांबण्यात उभं केलं, त्यात तो स्वतः पहिल्यांदाच उभा होता. मध्येच तू खोकलास.

त्याने पेन कागदावर आडवं ठेवलं.

मंगळवारी नळी बसवतात. किती दिवस मिळतील ते बाई सांगत नाहीत आणि मी विचारत नाही. तू ये. रेकॉर्डर आणू नकोस, हेल्वीचा पुल्ला आण. त्याला तो खाता येणार नाही, पण त्याचा वास त्याला आवडतो.

खाली त्याने स्वतः काही लिहिलंय. तीन ओळींना अख्खी सकाळ लागली.

तेल्लेर्वो

डेअरीवाल्या,
अजून रागावलेलाच आहे. समोर येऊन बस.
"तीन वार" अजून म्हटलेलं नाही.